येर्दाच्या घड्याळाचे पाय

सिल्यान तळ्याकाठच्या एका गावात रूल्स घरातली येर्दा हट्टी म्हणून ओळखली जायची, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. नव्या सुनेनं ऐकून घ्यायचं असतं, हे तिला लग्नाच्या आठवड्यातच जमलं नव्हतं.

माहेरची शेती भावांना गेली. येर्दाच्या वाट्याला आलं आईचं मोरा घड्याळ, जमिनीवर उभं राहणारं, लाकडी, लंबकाचं. माणसाहून उंच, पोटाशी गरगरीत, निळं, माथ्यावर कोरीव लाकडी मुकुट. सासरचं छत बुटकं, त्यामुळे घड्याळ उभं राहीना. अशा वेळी त्या गावात सगळे एकच करायचे, मुकुट कापून टाकायचा. घरोघरी घड्याळं अशी बोडकी उभी होती.

"काप की डोकं त्याचं," सासू लिस्बेत म्हणाली. "माझ्या घड्याळाचं नाही का कापलं? सून होऊन आलीस, थोडं वाकायला शीक."

"मी वाकेन हवं तर. ते नाही वाकणार." येर्दानं करवत उचलली ती थेट बैठकीच्या फळ्यांवर चालवली. जमिनीत खड्डा केला आणि नवऱ्याला हाताशी घेऊन घड्याळ त्यात उतरवलं. मुकुट छताखाली जेमतेम मावला. सासूनं कित्येक दिवस अबोला धरला. घरात एवढी शांतता पुन्हा कधी लाभली नाही, असं येर्दा पुढे मजेत सांगायची.

सासू गेली, नवरा गेला. येर्दा दर शनिवारी किल्ली देत राहिली. मग गुडघ्यांनी दगा दिला, आणि मुलानं, तोर्स्तेननं, शहरात तिच्यासाठी लहानसा फ्लॅट बघितला. घर विकायचं ठरलं.

घर विकून देणाऱ्या दलालाबरोबर स्टॉकहोमहून एक जोडपं आलं. येर्दानं कॉफी ठेवली, वेलचीचे पाव काढले. बायको, एल्विरा, पाव हातात धरूनच घरभर फिरली. "भिंती पांढऱ्या करू. घड्याळही पांढरं, एकदम गोड दिसेल! आतलं यंत्र काढून बॅटरी बसवू, उगाच ती टिकटिक नको."

"घड्याळ माझ्याबरोबर येणार," येर्दा म्हणाली.

दलाल खाकरला. "आजी, फळ्या कापून कायमचं बसवलंय ना? असं बसवलेलं घराबरोबरच जातं."

"सोड की आई," तोर्स्तेन कुजबुजला. "तूच तर रुतवलंस."

हे मात्र तिला झोंबलं. ज्या करवतीनं घड्याळ वाचवलं, तीच आता त्याला पांढऱ्या रंगात बुडवायला निघाली होती. येर्दाला असा संताप आला की गुडघे दुखायचे विसरले.

"सह्या झाल्यात?"

"उद्या आहेत," दलाल म्हणाला.

"मग आज ते माझं. तोर्स्तेन, ऊठ. कॉफी नंतर पी."

"आई, पाहुणे बसलेत गं!"

"तेही धरतील. हात आहेत त्यांना."

तिनं लंबक थांबवला, वजनं उतरवली. एल्विराचा नवरा खरंच उठला. दोघांनी मिळून घड्याळ तिरकं करत वर ओढलं, आणि खड्ड्यातून त्याचा पायथा बाहेर आला.

वरचं घड्याळ उन्हानं आणि चुलीच्या धुरानं करडं पडलं होतं. पायथ्याला ऊन लागलंच नव्हतं. तो निळाजर्द होता, आईच्या घरात होता तसा. येर्दाच्या डोळ्यांना पाणी आलं, पण ते तिनं कुणासमोर पुसलं नाही.

"अय्या, हा रंग!" एल्विरा हळूच म्हणाली. "हा असता तर आम्ही पांढरा दिलाच नसता."

"हो ना? उशीर झाला बाई."

दलालानं विचारलं, "आणि हा खड्डा?"

"तो कापून कायमचा बसवलाय," येर्दा म्हणाली. "घराबरोबर जाईल."

घर विकलं गेलं, खड्ड्यासकट. फ्लॅटचं छत उंच निघालं. तोर्स्तेन पायथ्यापुढे सोफा सरकवू लागला, तेव्हा येर्दानं काठी आडवी धरली.

"पुढे काही ठेवायचं नाही," ती म्हणाली. "पाय दिसले पाहिजेत."