ओटफ्रीडचा निळा प्रकाश

वेट्झलारच्या भिंगांच्या कारखान्यात ओटफ्रीड शाउबने एकेचाळीस वर्षं काच घासली. हातात जादू, पण डोक्यात एक किडा. काचेतून जाताना निळा प्रकाश तांबड्याच्या मागे पडतो, हे भिंगवाल्यांचं रोजचं दुखणं. चित्राच्या कडा रंगीत होऊ नयेत म्हणून दोन जातींच्या काचा जोडाव्या लागतात. निळ्यात ऊर्जा जास्त. झालं! जास्त ऊर्जेचा प्रकाश मोकळ्या आकाशातही रेंगाळणारच, असं या पठ्ठ्याने ठरवून टाकलं.

त्यापायी काय काय घालवलं म्हणून सांगू! फोरमनची जागा नाकारली, कारण संध्याकाळ वह्यांना हवी. "त्या निळ्याशीच संसार कर," म्हणून बायको इर्मगार्ड गीसनला बहिणीकडे गेली, ती गेलीच. विद्यापीठांना पत्रं धाडली, एकाही शहाण्याने उत्तराची तसदी घेतली नाही.

उरली मुलगी आल्मुट. शिकून ती निळ्याहूनही कितीतरी जास्त ऊर्जेच्या गॅमा किरणांच्या दुर्बिणीवर लागली, तेव्हा म्हातारा गल्लीभर सांगत सुटला, "आता माझी पोर मोजेल, मग बघा!"

त्या रविवारी ती दुपारच्या कॉफीला आली. त्याने स्वतः प्लमचा केक केला होता. तिने घासही तोडला नाही.

"बाबा, मोजलं."

"बोल ना मग!"

"अब्जावधी वर्षांपूर्वी फुटलेला तारा. कमी ऊर्जेचा प्रकाश आणि त्याच्या हजारो पट ऊर्जेचा, एवढ्या प्रवासानंतर दोन्ही एकमेकांमागून एका सेकंदाच्या आत पोहोचले."

"घड्याळ तपासलंस?"

"तीनदा. तुमच्यासाठी."

"तुम्हा शिकलेल्यांचं काहीतरी चुकलं असेल."

"पुरे ना, बाबा. काचेत प्रकाशाची वाट अडते, रंगागणिक वेगळी. पोकळीत अडवायला आहेच काय? सगळ्यांचा वेग एकच."

ओटफ्रीड खुर्चीत खचला. त्याला एकदम फार म्हातारं झाल्यासारखं वाटलं.

"हे तुला आधी ठाऊक होतं?"

"पुस्तकात होतं, कॉलेजच्या पहिल्याच वर्षी. पण इतक्या बारकाईने कुणी मोजलं नव्हतं. मलाही वाटायचं, तुम्ही खरे ठरावेत."

"वीस वर्षं! आणि तू तोंड उघडलं नाहीस?"

आल्मुट रडायला लागली. "कसं उघडणार? तुमच्याकडे दुसरं काही नव्हतंच, बाबा."

"आणि आता काय आहे गं?" त्याने विचारलं.

तिने डोळे पुसले, केकची बशी पुढे ओढली आणि पहिला घास तोडला.