एक अष्टमांश सेकंद

माघातली संध्याकाळ आक्काच्या स्वयंपाकघरात पश्चिमेच्या खिडकीतून उतरते आणि आमटीतल्या हिंगाचा वास हवेत असतानाच ओसरू लागते. कागलच्या आमच्या जैन घरात जेवण सूर्यास्ताआधी उरकायचे आणि ताट वाढलेले असताना दिवा लावायचा नाही, उजेडाला चिलटे येऊन मरतात म्हणून. आक्काने ही रीत एकटी राहू लागल्यावरही सोडलेली नाही. त्यामुळे ताटावर बसलेल्या आक्काचा फोटो काढायचा तर उरल्यासुरल्या उजेडात, आणि तोही कॅमेरा हातात धरून, कारण त्या चिंचोळ्या जागेत स्टँडचे पाय मावत नाहीत. मी मुद्दाम हीच वेळ निवडली होती.

आक्का माझी थोरली बहीण. तुझा एकही चांगला फोटो घरात नाही, असे मी तिला सांगितले होते. खरे कारण माझा उजवा हात होता. दिवाळीपासून बशीवर कप ठेवताना तो बारीक किणकिणत असे, आणि अण्णांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, कंपवात असाच कपबशीपासून सुरू झाला होता. शेवटी शेवटी त्यांना घास भरवावा लागे. तो आक्कानेच वर्षानुवर्षे भरवला. शाहूपुरीतल्या माझ्या स्टुडिओतले नवे कॅमेरे मायाळू आहेत, हाताची थरथर ते आतल्या आत सावरून घेतात. डॉक्टरकडे जायची छाती होत नव्हती. माझा जुना, पोटाशी धरायचा, बारा चौकोनी फोटोंच्या रोलचा कॅमेरा मात्र कुणाची भीड ठेवत नाही. कमी उजेडात त्याचा पडदा एक अष्टमांश सेकंद उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात हात जरासा हलला तरी तो सगळे चित्र पुसट करून ठेवतो.

पट्टा मानेवर ताणायचा, कोपरे बरगड्यांना टेकवायची, मान खाली घालून काचेत पाहायचे आणि श्वास सोडून झाल्यावर, पुढचा घेण्याआधीच्या त्या रिकाम्या क्षणात बटण हलकेच दाबायचे. जन्मभर हे मी सहज करत आलो. त्या दिवशी मात्र तो क्षण सापडता सापडेना, तळवे घामेजले, आणि भीतीनेच हात हलेल या विचाराने मी अधिकच भ्यालो.

"हलू नगंस आक्का," मी म्हणालो.

"बसलोय की दगडागत," उजवा हात मांडीवर ठेवून ती म्हणाली. "तूच घाबरलायस. उरक, दिस बुडतोय."

बारा फोटो काढून होईतो दिवस बुडाला. आक्काने न शिवलेले ताट बाजूला सारले. माझ्या भीतीपायी ती उपाशी राहिली, आणि मी लाजेने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत रोल धुतला, वाळवला आणि भिंग लावले. फळीवरच्या डब्यांच्या कडा, ताटाचा काठ, आक्काच्या चष्म्याची काडी, सारे कसे रेखीव, नेमके. माझा हात हलला नव्हता. कप कशाने किणकिणत होता कोण जाणे, वयाने किंवा नुसत्या धास्तीने. मी स्टुलावर बसून चक्क रडलो.

मग पुन्हा भिंग लावले. बाराही फोटोंत, मांडीवर, जिथे आक्काचा उजवा हात असायला हवा होता तिथे नुसते धुके होते. भिंग पुसून पाहिले. सगळे घर स्थिर होते, हलत होता तो तेवढाच हात. माझ्या अंगातून निघालेली भीती दूर कुठे गेलीच नव्हती. माझ्यादेखत तिने एक घासही का उचलला नाही, हे तेव्हा उमगले.

दुपारी तिचाच फोन आला. "फोटू आलं का रं? हाललं न्हाईत न्हवं?"

"माझा हात न्हाय हालला, आक्का."



"मग कळलं म्हण की तुला," ती म्हणाली.

तिच्या आवाजात भय नव्हते. ते तिने एकटीने, कुणाला न सांगता, कधीचेच पचवले असावे. मी मात्र इतके महिने स्वतःच्याच हाताकडे टक लावून बसलो होतो. अण्णांना तिने भरवले, तिला कोण भरवणार, हे दोघांपैकी कुणीच बोलले नाही.

"आज दिस बुडायच्या आत येतो," मी म्हणालो.

"ये की," ती म्हणाली. "कॅमेरा नगं आणू."