डावं शिंग

आमचे हे मूळचे छतांना प्लास्टरची नक्षी करणारे. संग्रहालयाचं गळकं छत दुरुस्त करायला गेले आणि तिथेच चिकटले. तिथे आर्सिनोइथेरियम नावाच्या जनावराचा सांगाडा आहे. गेंड्याएवढं, पायाला खूर, नाकावर शेजारी शेजारी दोन दांडगी शिंगं. असली जनावरं कोट्यवधी वर्षांपूर्वीच संपली. सांगाडा आला तेव्हा डावं शिंग नव्हतंच. ते ह्यांनी प्लास्टरचं केलं, आणि असं रंगवलं की खरं कुठलं ते कळू नये. कुणी फसलं की त्या दिवशी ह्यांना जेवण गोड लागायचं. देवाशी बरोबरी करू नये, असं मी कितीदा सांगितलं. "त्यानं उजवं केलं, मी डावं. ओळख बघू!" हे त्यांचं उत्तर.

आता ह्यांची सख्खी भाची तिथे प्रमुख होऊन आली. आल्या आल्या म्हणाली, "मामा, नियम आहे. बनवलेला भाग फिका रंगवायचा. बघणाऱ्याला कळायला हवं."

"मॅडम, ब्रश मोडलाय."

"नवा देते."

"हातही मोडलाय."

"मग दुसरा रंगारी बोलावते."

झालं! काल ह्यांनी बोल्ट काढून शिंग उतरवलं, गोणपाटात गुंडाळून घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलावर आडवं टाकलं. "आता येईल नाक घासत." मी प्रार्थनेला बसले, तर दोघांपैकी एकासाठीही माझ्या तोंडून चांगला शब्द निघेना.

आज ती आली. दारातच उभी राहिली. मीही ये म्हटलं नाही.

"खोटं आहे ना ते?" हे आतूनच ओरडले. "मग न्यायला कशाला आलीस?"

"शिंग राहू द्या तुम्हाला. 'डावं शिंग सापडलेलं नाही' अशी पाटी लावलीय. मी बोल्ट न्यायला आले. कवटीही त्याच बोल्टांवर टिकून होती, आता दोरीनं बांधून ठेवलीय."

हे दोन पावलं पुढे आले. "लोकांनी विचारलं नाही, डावं कुठे गेलं म्हणून?"

"नाही."

ह्यांनी खिशातले बोल्ट काढून जिन्यात भिरकावले. ती वाकून एकेक वेचू लागली.

"तुझ्या आईला सांगतो!"

"सांगा. दोरी तिनंच दिलीय."

ती गेल्यावर हे टेबलाशी आले. मग मला म्हणाले, "हे जरा बाजूला घे गं."

"तुम्हीच घ्या," मी म्हटलं, आणि ताटं जमिनीवर मांडली.