गाठ मारणारा वारा

रोज सकाळी कामावर निघताना आत्या उंबऱ्यापासून फाटकापर्यंतची पावलं मोजायची. ओठांतल्या ओठांत, कुणाला ऐकू जाणार नाही अशी. बावीस भरली की फाटकाची कडी काढायची. एखाद्या दिवशी तेवीस झाली तर "झोप नीट झाली नाही वाटतं," असं स्वतःशीच म्हणायची आणि पुढे जायची. तिचं पाऊल अडीच फुटांचं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी अंगणात खडूच्या रेघा मारून, त्यांवरून महिनाभर चालून तिने ते घोटून घेतलं होतं. तेव्हा आजोबांना वाटलं होतं, पोरगी नाच शिकतेय.

नगरपालिकेच्या बांधकाम विभागात ती तपासनीस होती. अर्धवट राहिलेल्या कामांच्या तक्रारी तिच्या टेबलावर यायच्या. गळकी गच्ची, वाकडी भिंत, दार लावायचं राहून गेलेली खोली. ऑफिसात तिला मोजणीबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं. "तोंडावर नुसती बाई आणि पाठीमागे मोजणीबाई," ती म्हणायची, "म्हणजे पाठीमागे एक पदवी जास्तच मिळते की."

तिची कामाची एक पद्धत होती. भांडणारी माणसं ती टेबलासमोर कधी बसवायची नाही. टेबल मध्ये आलं की माणसं त्यावर हात आपटतात, असं तिचं म्हणणं. ती दोघांनाही जागेवर बोलवायची, पिशवीतून लांब टेप काढायची आणि त्याचं एक टोक तक्रार करणाऱ्याच्या हातात द्यायची, दुसरं ज्याच्यावर तक्रार त्याच्या. खरं तर तिला टेपची गरज नव्हती. चालता चालता तिचं माप घेऊन झालेलं असायचं. पण टेपची दोन टोकं धरलेल्या माणसांना एकमेकांशी बोलावंच लागतं. "जरा ताणा." "सोडू नका." "आता वाचा." महिनाभर अबोला धरलेली माणसं निदान एवढं तरी बोलायची. उरलेलं हळूहळू निघायचं.

टेलरताई तिच्याकडे आली ती आठ पानांची तक्रार घेऊन. टाचणी लावायला नको म्हणून तिने पानं मशीनवर शिवूनच आणली होती.

"एवढं लिहिलंय?" आत्याने विचारलं.

"कमीच आहे, बाई. शिव्या गाळल्यात."

हकीकत अशी होती. टेलरताई घरीच शिवणकाम करायची. एकटी, आणि सोबत अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. जुना संडास अंगणाच्या पार टोकाला, तीन पायऱ्या उतरून. म्हणून तिने घरातच नवा करून घ्यायला काढला. फरशा बसल्या, पांढराशुभ्र कमोड बसला, भिंतीला धरायला दांडा बसला. बाहेर सेप्टिक टाकीही बांधून झाली. राहिला होता फक्त शोषखड्डा. टाकीत गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी ज्या खड्ड्यातून जमिनीत मुरतं, तो. तो खणला नाही तर टाकी म्हणजे नुसता हौद. कंत्राटदाराने खड्ड्याच्या जागी चार खुंट्या ठोकून दोरी बांधली, टाकीचं सिमेंट आठ दिवस पक्कं होऊ दे म्हणाला आणि गेला. तो गेलाच.

त्याच आठवड्यात आई त्या तीन पायऱ्यांवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखाना, ऑपरेशन, मग चालायचा सराव. आता पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी तिला घरी सोडणार होते.

"डॉक्टर म्हणाले, पायऱ्या एक वर्ष बंद. घरात सोय नसेल तर भाऊ तिला त्याच्याकडे नेणार, पार दुसऱ्या शहरात, चौथ्या मजल्यावर. तिकिटं काढायला निघालाय. आई तिथे जाऊन काय करेल हो? तिला मातीत हात घातल्याशिवाय जेवण जात नाही. चौथ्या मजल्यावर कुठली माती?"

"आज बुधवार," आत्या म्हणाली. "म्हणजे दहा दिवस."

"तो फोनच उचलत नाही, बाई. वीस वेळा केला. आणि गंमत सांगू? आई त्याचीच बाजू घेते! मी त्याला बोल लावायला लागले की म्हणते, जाऊ दे गं, असेल बिचाऱ्याचं काहीतरी. बिचारा म्हणे! एरवी दूधवाला पाच मिनिटं उशिरा आला तर त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करते."

आत्याने हे शेवटचं वाक्य तेवढं पेन्सिलीने कोपऱ्यात लिहून ठेवलं. का, ते तिलाही तेव्हा सांगता आलं नसतं.

नगरपालिकेचा कागद गेल्यावर कंत्राटदार शुक्रवारी आला. आडव्या अंगाचा, कानावर पेन्सिल, मोटारसायकल फाटकाच्या बरोब्बर मध्ये लावलेली, म्हणजे निघायला बरी. टेलरताई दारात हाताची घडी घालून उभी. आत्याने आधी घरातला संडास पाहिला. नव्या कमोडच्या बंद झाकणावर इस्त्री केलेल्या कपड्यांची चळत होती, दांड्याला हँगर.

"वापर नाही, तर म्हटलं कपाट तरी होऊ दे," टेलरताई म्हणाली. मग कंत्राटदाराकडे न बघता, "काही लोकांच्या कृपेने."

"काही लोकांनी फोन उचलला असता तर बरं झालं असतं," कंत्राटदार छताकडे बघत म्हणाला.

"मी उचलला नाही? मी?"

"मी दोनदा केला. दोनदा कापलात."

"अहो, आईला ऑपरेशनला नेत होते त्या दिवशी!"

"मला काय स्वप्न पडणार? घराला कुलूप, फोन कापलेला. माणूस समजायचं ते समजतो."

आत्याने पिशवीतून टेप काढला. शेजारच्यांची विहीर कुंपणाला लागून होती. टेपचं एक टोक घेऊन टेलरताई विहिरीशी, दुसरं घेऊन कंत्राटदार खुंट्यांशी. आत्या मधून चालत गेली. आराखड्यात विहिरीपासून खड्डा पन्नास फुटांवर होता. वीस पावलं. तिची तेरातच संपली.

"वाचा," ती म्हणाली.

"साडेबत्तीस," कंत्राटदार वाचता वाचता ओरडला. "बघा, मॅडम! मी पन्नासावर खुंट्या ठोकल्या होत्या. आठ दिवसांनी येऊन बघतो तर विहिरीच्या अंगाला सरकलेल्या! इथे मी खणला असता तर शेजाऱ्यांच्या विहिरीत काय उतरलं असतं ते सांगायला नको. आणि नाव कुणाचं खराब झालं असतं? माझं."

"मी हलवल्या असं म्हणायचंय तुम्हाला?" टेलरताई विहिरीवरून ओरडली.

"नाही, नाही. त्या फिरायला गेल्या असतील."

"टेप सोडू नका," आत्या म्हणाली.

"मी खुंट्यांना हातसुद्धा लावलेला नाही!"

"मग कुणी? आणि जिथे माझ्या खुंट्या होत्या तिथे बघा. शेंगांचे वेल! खड्ड्याच्या जागी भाजी पाहिजे म्हणून खड्डा सरकवला, एवढं कळतं मला. सरळ सांगायचं तरी. मी असलं काम करत नाही. चाललो मी."

त्याने टेपचं टोक खाली ठेवलं. टेप सळसळत गवतातून आत्याच्या पायापर्यंत आला. कंत्राटदार खरोखरच फाटकाकडे निघाला होता. टेलरताई विहिरीशी हातातलं टोक तसंच धरून उभी होती. शनिवार तिच्या डोळ्यांदेखत मोटारसायकलवर बसून चालला होता.

आत्या मात्र खुंटीपाशी उकिडवी बसली होती.

"टेलरताई, जरा इकडे या. ही दोरी कसली?"

कंत्राटदाराची दोरी पांढरी, नायलॉनची होती. पण एका कोपऱ्यात ती तुटली होती आणि मध्ये वीतभर जांभळा दोरा जोडलेला होता. जाड, बटणं लावायचा, चौपदरी. त्याची गाठ गवंड्याची नव्हती. दोन छोटे कान आणि मध्ये आडवा वेढा. एक टोक ओढलं की सुटेल अशी, पण आपणहून कधी न सुटणारी.

टेलरताई वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली. शिवलेल्या कपड्यांची गठडी बांधायला घरात एकच माणूस ही गाठ मारायचं. तिने लहानपणी शिकायचा प्रयत्न केला होता. तिला ती कधी जमली नव्हती.

मग तिने मान वळवून वेलांकडे पाहिलं. वीतभर उंच, अगदी सरळ ओळीत. बी आधीच पेरलेलं होतं. कंत्राटदाराने नुसती काळी जमीन बघून त्यावर खुंट्या ठोकल्या, आणि ज्या हातांनी बी पेरलं होतं त्यांनी त्या उचलून पलीकडे नेऊन ठेवल्या. खड्डा काय, कुठेही खणतील. बी उगवायला लागलं होतं.

"म्हणून 'बिचारा'," टेलरताई हळूच म्हणाली. आधी तिचे ओठ थरथरले, मग खांदे. आत्याला क्षणभर कळेना ती रडतेय की हसतेय. दोन्ही होतं.

"तिने मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर घरी यायचं आपणच लांबवलं हे कबूल करावं लागलं असतं," आत्या म्हणाली. "दवाखान्यात पडल्या पडल्या ते जड जातं." आणि आवाज चढवून, "अहो कंत्राटदार! निघण्याआधी सही करून जा."

तिने मांडीवर वही ठेवून अहवाल लिहिला. तो आजही नगरपालिकेच्या दप्तरात असेल. 'खुंट्या मूळ जागेवरून हललेल्या आढळल्या. कारण : वारा. काम मूळ जागी पुढील शुक्रवारपर्यंत पूर्ण करणे. उभयतांना मान्य.'

कंत्राटदाराने वाचलं. पुन्हा वाचलं.

"मॅडम, खुंट्या फूटभर आत ठोकल्या होत्या. असला वारा?"

"होता."

"चारही उपटून पलीकडे चौकोनात लावल्या?"

"हो."

"आणि तुटलेल्या दोरीला गाठ मारून गेला?"

"व्यवस्थित."

त्याने गाठ पाहिली, जांभळा दोरा पाहिला. टेलरताईच्या गळ्यात शिवणाचा टेप होता आणि तसल्याच जांभळ्या दोऱ्याचं रीळ तिच्या खिशातून डोकावत होतं; पण ती डोळे पुसत होती. तो तिच्या आईचं ऑपरेशन आठवल्यासारखा थांबला.

"या वाऱ्याचं वय काय असेल साधारण?"

"अठ्ठ्याहत्तर," आत्या म्हणाली.

कंत्राटदार गालांतल्या गालांत हसला. कानावरची पेन्सिल काढली, मग पेन्सिलीने सही चालत नाही हे आठवून आत्याचं पेन मागून घेतलं.

"ते वेल उपटायचे नाहीत," तो टेलरताईला म्हणाला, अजून जरा गुरगुरतच. "मातीसकट काढतो. खुंट्यांच्या जागी शेंगा, शेंगांच्या जागी खुंट्या. चालेल?"

"पाणी कोण घालणार?"

"मी घालतो की! पाण्याचंच काम आहे माझं."

मंगळवारी खड्डा खणून झाला, बुधवारी आतून विटा रचल्या, मधल्या फटी मुद्दाम मोकळ्या ठेवून. गुरुवारी भोवती खडी भरली, पाइप जोडला, झाकण बसलं. शुक्रवारी आत्याने कमोडवरची कपड्यांची चळत उचलली, दोन बादल्या पाणी ओतलं आणि बाहेर टाकीपाशी जाऊन कान देऊन उभी राहिली. पाणी पाइपातून खळखळत आलं, खड्ड्यात उतरलं आणि शांत झालं. कंत्राटदार परीक्षेचा निकाल लागावा तसा तिच्या तोंडाकडे बघत होता.

"पास," ती म्हणाली.

शनिवारी आई आली. वॉकर टेकत, एकेक पाऊल. भाऊही आला होता. त्याने नवा संडास पाहिला, दांडा हलवून पाहिला आणि तिकिटांचा विषय काढला नाही. आईने घर पाहिलंच नाही. आधी खिडकीतून अंगणात पाहिलं. वेल दुसऱ्याच जागी होते, आणि त्यांना आधाराला काटक्या लावलेल्या होत्या, चांगल्या तासलेल्या, गवंड्याच्या गाठींनी बांधलेल्या.

मग तपासणीचा शेवटचा कागद द्यायला आलेल्या आत्याला म्हणाली, "वारा फार होता ना हो त्या दिवसांत?"

"फार," आत्या म्हणाली.

"वा गं वा," टेलरताई आतून ओरडली, "आता बाईंनाही सामील करून घे!" पण तिच्या आवाजात फारसा राग नव्हता.

त्या वर्षापासून दर हंगामात आमच्याकडे शेंगांची पिशवी यायची. उरलेल्या कापडाची शिवलेली, तोंडाला जांभळा दोरा. बहुतेक वेळा ती कंत्राटदारच आणून द्यायचा. त्याच्या घरचे कपडे आता टेलरताईकडेच शिवायला असत आणि दर वेळी बाही लांब झाली म्हणून तो तिच्याशी भांडून यायचा. आई त्या घरात अजून सात वर्षं राहिली. ती गेल्यावर पिशवी यायची थांबेल असं मला वाटलं होतं. आली. गाठ तशीच होती. शेवटी शेवटी टेलरताईला ती जमली होती.

आत्या निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी फाटकापर्यंत जायची. बावीसची पंचवीस झाली, मग एकतीस. "फाटक लांब नेलंय कुणीतरी," ती म्हणायची, आणि पुढे, "वारा असेल."

अशाच एका दुपारी पिशवी आली तेव्हा ती खिडकीपाशी आरामखुर्चीत होती. त्याच खुर्चीत, संध्याकाळच्या आत, ती झोपेतच गेली. पण तेव्हा तसं काही वाटत नव्हतं. मी जमिनीवर बसून शेंगा निवडायला घेत होते, आणि पिशवी सोडायला कात्री शोधत होते. तिने डोळे न उघडताच सांगितलं, "कात्री कशाला, एक टोक ओढ. आणि तो दोरा टाकू नकोस, लागतो."