काही नाही म्हणजे कसं?
सुकट भाजल्याचा वास आला की मला ठाण्याच्या खाडीकाठचं सासरचं स्वयंपाकघर आठवतं. सातव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं होतं. भेटायला येणारी प्रत्येक बाई "पुन्हा होईल" म्हणायची आणि मी मान हलवायचे. मला रडू येत नव्हतं, त्याचीच भीती वाटायची. एका दुपारी तव्यावर सुकट परतता परतता सासूबाईंनी विचारलं, "आतून कसा वाटतंय गो तुला?" मी म्हटलं, "काही नाही." "काय नाय म्हंजे कसा? जड का पोकळ?" असं मला कुणी विचारलंच नव्हतं, मी स्वतःलाही नाही. बराच वेळ मी आत शोधत राहिले. "पोकळ," मी म्हटलं, "सगळं सामान हलवल्यावर खोली होते ना, तसं." त्यांनी तवा उतरवला. "मना जड वाटायचा. दगडासारखा." त्यांचंही एक बाळ गेलेलं, हे मला तेव्हा कळलं. मी विचारलं, "मुलगा होता की मुलगी?" "मुलगी," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनाही हे कुणी विचारलं नसावं. मला रडू तेव्हाही आलं नाही, अजूनही आलेलं नाही. पण त्याची भीती त्या दुपारनंतर वाटली नाही.