लिंबाखाली भरलेली शाळा

निफाडजवळच्या ज्या हायस्कुलात मी शिकवत होतो, त्याचे अध्यक्ष दर स्नेहसंमेलनात शाळेचा इतिहास सांगत. आधी उपरणं सारखं करत, माइकवर फुंकर मारत, मग दुसऱ्याच कुणा थोर पुरुषाविषयी बोलावं तशा आदराने स्वतःविषयी बोलत. शाळेचे पहिले वर्ग त्यांच्या अंगणातल्या लिंबाखाली भरले म्हणे. तो लिंब भाषणात दरवर्षी थोडा वाढे.

खरं तर सत्तरच्या सुमारास गावात कुणी जागा देईना, तेव्हा बौद्धवस्तीने आपलं समाजमंदिर दिलं. शाळा दोन वर्षं तिथेच भरली.

एकदा त्या वस्तीतली एक आजी भाषणात मधेच उभी राहिली. "ओ अध्यक्ष, शाळा आमच्या समाजमंदिरात भरायची, ते बी सांगा की! माझी नात बसलीय हितं, तिला कळू द्या."

अध्यक्ष प्रसन्न हसले. "बसा मावशी, तिकडंच येतोय." मग माइककडे वळले. "मंडळी, त्या काळात जातपात न मानता पोरं समाजमंदिरात बसवायला लय हिंमत लागायची. ती मी दाखवली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात वाजवत होता त्यांचा थोरला मुलगा. ती दोन वर्षं वडिलांनी त्याला रोज एसटीने निफाडच्या शाळेत धाडलं होतं.