आमचा माइकवाला उभा राहिला

समस्त बंधू-भगिनींस, कावेरीच्या अलीकडच्या व पलीकडच्या मतदारांस, तसेच रस्त्याच्या मधोमध बसलेल्या म्हशींस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, या राज्याच्या विधानसभेचे भवितव्य आज दुपारी चार वाजता राजवाड्यामागच्या सोड्याच्या दुकानासमोर ठरणार आहे. उमेदवार स्वतः उपस्थित राहतील. येताना ते शिडी घेऊन येतील.

ही घोषणा माझी. सायकलरिक्षात बसून, डोक्यावर ओला पंचा टाकून, मी ती तमिळमध्ये सकाळपासून गावभर देत होतो. म्हशींचा भाग मी ऐन वेळी घातला, कारण एक म्हैस खरोखरच वाटेत बसली होती आणि तिच्याकडे मत नसलं तरी रस्ता होता.

तेव्हा मी तिशीच्या आत होतो. राजवाड्याच्या गल्लीत आमची चार-पाच मराठी घरं, आणि त्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझी टायपिंगची शिकवणी. पण देशात नवे वारे सुटले होते. समोरच एक कॉम्प्युटर सेंटर उघडलं, त्याच्या काचेच्या दाराआड गार हवा होती, आणि माझे विद्यार्थी एकेक करून रस्ता ओलांडून गेले. सहा यंत्रं आणि दोन विद्यार्थी उरले. माझा आवाज मात्र दणदणीत होता आणि त्याला काही काम नव्हतं. अशा माणसाला निवडणूक सापडली तर तो काय सोडतो?

उमेदवार म्हणजे आमचा माइकवाला. मी त्यांना अण्णे म्हणायचो, म्हणजे थोरला भाऊ, आणि ते मला तंबी, म्हणजे धाकटा. चाळिशीचे, काटक, एका कानामागे पेन्सिल आणि दुसऱ्या कानामागे टेस्टर. लग्न असो, कान टोचायचा समारंभ असो, देवळाचा उत्सव असो की मंत्र्याची सभा, नारळाच्या झाडावर चढून कर्णे बांधायचे ते यांनीच. वीस वर्षं ते प्रत्येक मंचाच्या कोपऱ्यात, अँप्लिफायरशेजारी, एका स्टुलावर बसलेले असत. बोलणारा माणूस काय बोलतोय याकडे आपलं लक्ष नसतं, असं ते सांगत. फक्त तो फुत्कारतोय का, माइक तोंडात घालतोय का, एवढंच ते बघत.

एक गोष्ट मात्र त्यांनी नीट ऐकली होती. त्यांची वस्ती गावाबाहेर, कालव्याच्या पलीकडे. कालव्यावर नारळाचे दोन ओंडके टाकलेले. कावेरीचं पाणी सोडलं की ओंडके बुडतात, आणि मग वस्तीतली माणसं कमरेएवढ्या पाण्यातून ये-जा करतात. अण्णे अँप्लिफायर डोक्यावर घेऊन तो कालवा ओलांडायचे, पुढे त्यांची बायको एका हातानं साडी आणि दुसऱ्या हातानं कर्णा धरून. दर निवडणुकीला कोणी ना कोणी त्या काठावर मांडव घालून पूल बांधायचं कबूल करायचं. तो मांडव, तो माइक, ते कर्णे, सगळं अण्णेंचं. पण आमच्याकडे निवडणूक उन्हाळ्यात. तेव्हा कालवा कोरडाठाक असतो. उमेदवार चपला घालून त्याच्यातून चालत यायचे, पूल देतो म्हणायचे, आणि चपला घालूनच परत जायचे. खाली पाहिलं तर त्यांना नुसती बकऱ्यांची लेंडकं दिसायची. पूल कशासाठी हवा, हे त्यांना दिसायचंच नाही.

अर्ज टाइप करून घ्यायला अण्णे माझ्याकडे आले तेव्हा बायको बरोबर होती. ती भातलावणीला जायची, गजरे करायची, फार बोलायची नाही. मी विचारलं, निवडून यायची काही शक्यता वाटते का. अण्णे पेन्सिल काढून डोकं खाजवायला लागले. उत्तर तिनं दिलं.

"निवडून येऊ देत नाहीतर पडू देत. यांनी एकदा तिथं उभं राहून, माइकवर, आमच्या कालव्याचं बोलायचं. एवढ्या वेळा लोकांना बोलू दिलं."

असं होतं ते. निकालाचं मी आत्ताच सांगून टाकतो, उगीच जीव टांगणीला नको. अण्णे पडले, आणि व्यवस्थित पडले. पण तो माझ्या गोष्टीचा शेवट नाही, आणि अण्णेंच्या बायकोला त्याची पर्वाही नव्हती. तिला हवं होतं ते एवढंच, नवऱ्यानं ते एकदा मोठ्यानं म्हणावं.

अर्जावर सह्या लागतात, तर पहिली आमच्या अप्पांनी केली. अप्पा निवृत्त शिक्षक, सही करताना चष्मा दोनदा पुसणारे. आई स्वयंपाकघरातून म्हणाली की हा निवडून आला तर आपल्या घरच्या कार्याला कर्णे कोण बांधणार, आणि तशीच बाहेर येऊन त्या दोघांना कॉफी देऊन गेली. आमच्या घरात मराठी बोलतात ती राजवाड्यात मराठे राजे होते त्या वेळची आणि तमिळमध्ये चांगली मुरलेली, त्यामुळे अण्णेंना ती अर्धी कळायची. ते हसून म्हणाले, आमदार झालो तरी झाडावर मीच चढेन.

चिन्ह म्हणून त्यांनी माइक मागितला. यादीत माइक नव्हता. शिडी होती. मग आम्ही त्यांची स्वतःची शिडी, कर्णे बांधायची, पिवळी रंगवली आणि रिक्षाच्या मागे उभी बांधली. विजेच्या तारा आल्या की ती उतरवावी लागे. प्रचाराचा निम्मा वेळ शिडी उतरवण्यात आणि चढवण्यात गेला.

आता अडचण सांगतो. चहाच्या टपरीवर अण्णे कालव्याचं असं वर्णन करायचे की ऐकणाऱ्याचे पाय ओले व्हावेत. एकदा शाळेत निघालेली मुलगी दप्तर डोक्यावर घेऊन घसरली, दप्तर वाहून गेलं आणि तीन दिवसांनी दोन गावं खाली सापडलं. पाटीवर तिनं काढलेली बेरीज तशीच होती. बेरीज बरोबर होती का, हेही ते सांगायचे. पण समोर माइक आला की संपलं. पहिल्या सभेत ते माइकपाशी गेले, बोटानं दोनदा टकटक केलं, फुंकर घातली, "हलो, हलो, टेस्टिंग," म्हणाले, मान तिरकी करून कर्ण्यांचा आवाज ऐकला, खूष झाले, आणि दोन पावलं मागे सरून बोलणाऱ्यासाठी जागा करून उभे राहिले.

बोलणारं कोणी नव्हतंच. बोलणारे तेच होते.

लोक वाट बघत राहिले. अण्णेही वाट बघत राहिले. शेवटी मी उडी मारून वर गेलो आणि पाऊण तास मीच बोललो. त्या भरात मी कालव्यावर पूल, वस्तीला दवाखाना आणि, मला वाटतं, एक विमानतळही देऊन टाकला. खाली उतरल्यावर अण्णेंची बायको म्हणाली, तंबी, बोललात छान, पण कालवा तुम्ही ओलांडलाय का कधी. दुसऱ्या दिवसापासून मी फक्त घोषणा द्यायच्या, असं ठरलं.

मी भाषण टाइप करून दिलं. अण्णेंनी ते घडी करून माइकच्या स्टँडखाली ठेवलं, स्टँड हलत होता म्हणून. मी म्हटलं, डोळे मिटून बोला. डोळे मिटल्यावर त्यांना कर्ण्याचा आवाज जास्त स्पष्ट ऐकू यायला लागला. डावीकडचा बारीक खरखरतोय, म्हणाले, आणि शिडी मागितली. गावोगाव हेच. माइक दिसला की त्या माणसातला उमेदवार विरघळायचा आणि माइकवाला उरायचा. बायको नुसती गजऱ्याची टोपली मांडीवर घेऊन खाली बसून राहायची आणि सभा संपली की शिडीचं एक टोक उचलायची. ते मला फार लागायचं.

आणि मग शेवटचा दिवस उजाडला. पाच वाजता प्रचार बंद. म्हैस ओलांडून, शिडी सांभाळून, आम्ही सोड्याच्या दुकानाशी आलो. वस्तीतल्या बायका आल्या होत्या, सोडेवाला होता, आमचे अप्पा छत्री घेऊन होते, माझे दोन विद्यार्थी होते. मैदान आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि तिथे मोठ्या पक्षाच्या उमेदवाराची शेवटची सभा, लॉऱ्या भरभरून माणसं. प्रतिस्पर्ध्याकडून माइक कसा घ्यायचा, म्हणून त्यांनी या खेपेला परगावचा माइकवाला आणला होता.

सव्वाचारला अण्णे उभे राहिले. टकटक नाही, फुंकर नाही. मी माइक आधीच तपासून ठेवला होता आणि स्टँडला हात लावायचा नाही अशी शपथ घातली होती. त्यांनी घसा साफ केला. बायकोनं टोपली खाली ठेवली.

"आमच्या वस्तीत," अण्णे म्हणाले.

खरंच म्हणाले. मी अप्पांचा हात दाबला. एवढ्यात मैदानाकडून आवाज आला, घूंऽऽऽ असा, कर्ण्यात जाडजूड भुंगा शिरल्यासारखा. अण्णे थांबले. मान तिरकी झाली. मला कळलं की आता सगळं गेलं.

"अर्थिंग गेलंय," ते म्हणाले.

मी म्हटलं, जाऊ दे ना, अण्णे, त्यांचं अर्थिंग. चाळीस मिनिटं राहिलीत. तुम्ही बोला.

"तंबी, जमीन सुकलीये. तो परगावचा, त्याला इथली माती माहीत नाही. आणि त्यांच्या उमेदवाराच्या गळ्यात पाणी शिंपडलेले हार आहेत. ओला माणूस लोखंडी माइक धरणार."

त्यांनी कानामागचा टेस्टर काढला आणि चालायला लागले. मी त्यांच्या बायकोकडे पाहिलं, तिनं अडवावं म्हणून. ती उठली, टोपली उचलली आणि त्यांच्यामागे निघाली. तिच्यामागे वस्तीच्या बायका, मग मी, मग छत्री घेऊन अप्पा. आमची अख्खी सभा विरोधी पक्षाच्या सभेला गेली. असा पक्षबदल मी पुन्हा पाहिला नाही.

मंचावर मोठे उमेदवार माइकपासून हातभर लांब उभे होते, कारण त्यांना एकदा झिणझिणी आली होती. हारांतून पाणी ठिबकत होतं. परगावचा माइकवाला वायरींच्या गुंत्यात बसून घामाघूम झाला होता. अण्णेंना कोणी अडवलं नाही. मंचावर चढणाऱ्या अण्णेंना त्या गावात कोणी अडवतच नसे, वीस वर्षांची सवय. ते सरळ मंचामागे गेले, जमिनीत ठोकलेली अर्थिंगची सळई हलवून बघितली, ती दातासारखी हलली. पाणी द्या म्हणाले. घागर कुठे मिळेना, तेव्हा मोठ्या उमेदवारांसाठी टेबलावर मांडलेल्या सोड्याच्या बाटल्या त्यांनी एकेक करून फोडल्या आणि त्या सळईच्या बुडाशी ओतल्या. फेस आला. माती फसफसली. दगडानं सळई दोन वीत आत ठोकली, आणखी दोन बाटल्या ओतल्या, वायर आवळली.

घूं थांबला. एवढ्या माणसांत अचानक शांत झालं. लांब रस्त्यावरच्या बसचा हॉर्न तेवढा ऐकू आला.

मोठे उमेदवार पुढे सरले. मंचावर आलेल्या अण्णेंनी हात आडवा धरला, म्हणजे थांबा, आधी मला बघू दे. माइक त्यांनी आधी टेस्टरनं पाहिला, मग हाताच्या मागच्या बाजूनं, मग हातात घेतला. पाचाला वीस मिनिटं होती. समोर मैदान भरलेलं, झाडाझाडावर कर्णे, आणि माझा उमेदवार त्या सगळ्याच्या मधोमध माइक धरून उभा. मी खालून दोन्ही हात हलवत होतो. अप्पांनी छत्री मिटली. ती मात्र टोपली पोटाशी धरून फक्त बघत होती, आणि अण्णेंनी खाली तिच्याकडे पाहिलं.

त्यांनी टकटक केलं. फुंकर घातली. मान तिरकी केली, आणि मी मनात म्हटलं, झालं, आता दोन पावलं मागे सरणार.

"हलो, हलो," अण्णे म्हणाले. "आत्ता कालवा कोरडा आहे, म्हणून दिसत नाही. पाणी आलं की आमच्या बायका कमरेएवढ्या पाण्यातून येतात. पूल नाही. हलो. मागं ऐकू येतंय का?"